अन्नदाते मायबाप

श्रोतेहो, या क्षणी मी एका बंद खोलीत यंत्रापुढे बसून बोलत आहे. माझा शब्द आपल्या दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, कदाचित एखाद्या आजाऱ्याच्या उशाशीही पोहोचत असेल. आपण मला ऐकता. मी आपणांस ऐकत नाही. हाच आवाज दर आठवड्यास, ठरलेल्या वेळी, दहा वर्षे आपल्या घरी येत राहिला, तर हा मनुष्य आपल्या ओळखीचा आहे असे आपणांस वाटू लागेल. त्याला सर्दी झाली तर आपणांस कळेल, तो एखाद दिवशी आला नाही तर चुकल्यासारखे होईल. मला मात्र आपले नावही ठाऊक असणार नाही. अशा ह्या नात्यात एका बाजूस सर्व ओळख असते व दुसऱ्या बाजूस काहीच नसते. आजच्या भाषणात या नात्याचाच थोडा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी मी आपल्या घरचेच एक उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग यांचे.

प्रथम शास्त्रकारांचे म्हणणे थोडक्यात पाहू. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. नभोवाणी, चित्रपट आणि त्या वेळी नवी असलेली दूरचित्रवाणी यांच्यामुळे प्रेक्षकांस समोरासमोर भेट झाल्याचा भास होतो, ही त्यांची मुख्य गोष्ट. या भासाला त्यांनी जे नाव दिले, त्याचा आशय मराठीत 'दुरून जडलेली जवळीक' असा सांगता येईल. या जवळिकीचे त्यांनी दाखविलेले लक्षण मार्मिक आहे. तिची दोरी नेहमी कलावंताच्या हाती असते. प्रेक्षकाला ती वाढविता येत नाही, तिच्या अटी बदलता येत नाहीत. नको वाटले तर तो उठून जाऊ शकतो, एवढेच त्याचे स्वातंत्र्य. दुसरी गोष्ट अशी की, हे नाते टिकावयाचे असेल तर कलावंताने बदलता कामा नये. काल जसा होता तसाच तो आज असला पाहिजे, उद्याही असला पाहिजे.

हे विवेचन यंत्रयुगाला उद्देशून केलेले आहे. तथापि आपल्या वाडवडिलांनी हा अनुभव नाटकगृहात, गॅसच्या बत्तीच्या उजेडात, पुरता घेतलेला होता. नाटकगृहात प्रेक्षक व नट एका छपराखाली असतात हे खरे. पण हजार डोळ्यांना एक चेहरा दिसतो आणि त्या एका चेहऱ्याला दिसतो तो केवळ एक समुदाय. जवळिकीचा भास आणि ओळखीचा अभाव, दोन्ही तेथे आहेतच. बालगंधर्वांच्या बाबतीत तर त्यास आणखी एक धार होती. ज्या व्यक्तीवर लोकांचा जीव जडला, ती भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही स्त्री जगात अस्तित्वातच नव्हती.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 1888 सालचा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' हे शब्द उच्चारले व तेच नाव पुढे रूढ झाले, हे सर्वश्रुत आहे. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये निवर्तल्यावर किर्लोस्कर नाटक मंडळीची स्त्रीभूमिकांची बाजू उणी पडली होती. 1905 साली नारायणराव त्या मंडळीत आले आणि शकुंतलेच्या रूपाने रंगभूमीवर उभे राहिले. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 सालच्या 'स्वयंवरा'त ते रुक्मिणी झाले; 1919 मध्ये, राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त ते सिंधू झाले. या दहापंधरा वर्षांत महाराष्ट्राच्या सुशिक्षित कुटुंबांत या मनुष्याने जे स्थान मिळविले, ते पूर्वी कोणा नटाला मिळाले नव्हते.

या स्थानाचे कारण काय? कुलीन घरातील स्त्रीने रंगभूमीवर येणे त्या काळी कल्पनेबाहेरचे होते. अशा वेळी एका पुरुषाने कुलीन स्त्रीचे चालणे, बसणे, लाजणे, रुसणे इतक्या मर्यादशीलतेने दाखविले की, ते पाहावयास घरच्या स्त्रिया निःसंकोचपणे येऊ लागल्या. आल्या, आणि तेथून काही घेऊन गेल्या. लुगडे कसे नेसावे, पदर कसा घ्यावा, केसांत फुले कोठे माळावी, हे त्या बालगंधर्वांकडे पाहून शिकल्या. पुरुषाने केलेली स्त्रीची नक्कल पाहून स्त्रियांनी स्त्रीपण शिकावे, ही गोष्ट आज विचित्र वाटते. पण स्वतःच्या चालण्याबोलण्याला कोणी सुंदर म्हणावे, ही सोय त्या काळच्या गृहिणीला घरात कोठे होती? रंगभूमीवर तिने प्रथमच पाहिले की, आपले हे साधे वावरणे हजार माणसे श्वास रोखून पाहतात. तिचा जीव जडला तो नारायणरावांवर तर जडलाच, पण थोडासा स्वतःवरही जडला. या एकतर्फी नात्याचे मर्म बहुधा येथेच असते. दूरच्या माणसात आपणांस आपलेच एखादे न जगलेले रूप दिसते, आणि त्या रूपाबद्दलची कृतज्ञता आपण त्या माणसाच्या नावे जमा करतो.

त्यातच ध्वनिमुद्रिका आल्या. नाटक पहाटेपर्यंत चालले तरी संपत असे. तबकडी मात्र संपली की पुन्हा लावता येई. जो आवाज ऐकण्यासाठी गाडीने दुसऱ्या गावी जावे लागे, तो आता घरच्या फडताळात राहू लागला. पाहुण्यांना ऐकवावा, मुलांना निजविताना ऐकावा, दुःखात ऐकावा. मनुष्य परका, पण आवाज घरचा झाला. घरच्या वस्तूवर जसा हक्क वाटतो, तसा त्या आवाजावर वाटू लागला.

आता दुसरी बाजू पाहू. बालगंधर्व प्रेक्षकांना 'अन्नदाते मायबाप' म्हणत. हे केवळ तोंडचे सौजन्य नव्हते. त्यांचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर उभा होता. मायबापांपुढे खोटे काही न्यावयाचे नाही म्हणून रंगभूमीवर खरे भरजरी शालू आले, उंची अत्तरे आली. साथीला ऑर्गन व सारंगी आली, अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज आला. खर्चाचा विचार त्यांनी कधी केला नाही आणि मंडळी कर्जात बुडाली. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केले. केशवरावांचा धैर्यधर आणि नारायणरावांची भामिनी. दोघांचे भक्त कोणाचा गळा श्रेष्ठ म्हणून वाद घालीत असता, ते दोघे गायक मात्र एकाच रंगमंचावर एकमेकांना सांभाळून घेत उभे होते. भक्तांच्या भांडणात देवांना रस नसतो, हे त्या रात्री दिसावयास हरकत नव्हती.

परंतु 'मायबाप' हा शब्द जपून वापरावयाचा आहे. मायबापांना मुलाबद्दल ममता असते; त्याबरोबरच अधिकारही असतो. आपल्याकडे मुलाने कोणाशी लग्न करावे, काय वेष करावा, केव्हा घरी यावे, हे मायबाप ठरवितात. शब्द दिला की त्याच्या मागोमाग हक्क येतो. तो हक्क कोठवर जातो हे पाहावयाचे असेल, तर 12 मार्च 1911 या दिवसाकडे गेले पाहिजे.

त्या दिवशी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. तिकिटे गेलेली, लोक परगावाहून आलेले. आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा, असे मंडळीतल्यांना साहजिकच वाटले. नारायणरावांनी ते मान्य केले नाही. आलेल्या प्रेक्षकांची निराशा करावयाची नाही म्हणून ते रंगपटात जाऊन बसले, त्यांनी भामिनीचा साज चढविला व नाटक केले. त्यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते.

ही कथा महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ती मुलांना सांगतात. तिच्यातील धैर्य कमी लेखण्याचे माझ्या मनात नाही. परंतु सांगताना आपला स्वर कसा असतो ते पाहावे. 'आमच्यासाठी त्याने एवढे केले' असा तो असतो. त्या मुलीची आई लक्ष्मीबाई हिचे नाव या कथेत क्वचितच येते. पती भामिनी होऊन गात असता तिने ती रात्र कशी काढली असेल, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही. कारण हे नाते दोघांचे आहे, एक तो व एक आम्ही, अशी आपली समजूत असते. त्यात तिसऱ्या माणसाला जागा नसते. आणि दुसरे असे की, त्या रात्री प्रेक्षकांपैकी कोणीही हा त्याग मागितला नव्हता. त्यांना विचारले असते तर बहुतेकांनी 'घरी जा' असेच म्हटले असते. एकेकटा प्रेक्षक दयाळू असतो. पण 'प्रेक्षकवर्ग' नावाच्या दैवतापुढे कलावंत जेव्हा नैवेद्य ठेवतो, तेव्हा तो नाकारण्यास त्या दैवताला तोंडच नसते.

त्याग हाच या नात्याचा सर्वांत बळकट धागा आहे, हे पुढे नभोवाणीच्या इतिहासातही दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात, 21 सप्टेंबर 1943 रोजी, केट स्मिथ ही अमेरिकेतील लोकप्रिय गायिका युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी सकाळी आठपासून मध्यरात्र उलटून दोन वाजेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने नभोवाणीवरून बोलत राहिली. त्या एका दिवसात सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलरांच्या रोख्यांची मागणी नोंदविली गेली. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह श्रोत्यांच्या मुलाखती घेऊन 1946 साली यावर पुस्तक लिहिले. त्यात असे आढळले की, तिच्या युक्तिवादापेक्षा तिच्या श्रमाने लोक अधिक हलले. आवाज थकत चालला आहे, तरी ती आपल्यासाठी जागी आहे, या जाणिवेने श्रोत्यांना यंत्रापासून उठवेना. आपण रोखा घेतला तर तिला विसावा मिळेल, असेही काहींना वाटले. एका अनोळखी बाईचा थकवा हा हजारो घरांत आपल्या घरच्या माणसाचा थकवा झाला. 1911 ची मुंबई आणि 1943 ची अमेरिका यांत अंतर पुष्कळ; पण मनाचा व्यापार एकच. जो आपल्यासाठी झिजतो तो आपला, असे मन म्हणते. आणि आपला म्हटला की त्याने असेच झिजत राहावे, अशी अपेक्षाही त्याच मनात हळूच येऊन बसते.

मग काळ बदलला. 1931 साली हिंदी आणि 1932 मध्ये मराठी बोलपट आले. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे यांसारख्या सुशिक्षित स्त्रिया रंगभूमीवर आल्या. स्त्रीचे काम स्त्रीनेच करावे हे नव्या पिढीला स्वाभाविक वाटू लागले. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्यांनी प्रभात कंपनीशी सहकार्य केले, आणि 1935 साली व्ही. शांताराम यांच्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले. पुरुषाने पुरुषाची भूमिका करावी, यात नवल ते काय? पण त्यांच्या भक्तांना नवल वाटले, किंबहुना थोडे दुःखच झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे रुक्मिणी पाहिली त्यांना हा गृहस्थ अनोळखी वाटला. वस्तुतः हाच खरा नारायणराव होता. ओळख होती ती दुसऱ्याच कोणाची. कलावंताने बदलता कामा नये, हा हॉर्टन व वोल यांनी पुढे सांगितलेला नियम त्यांच्या निबंधाच्या वीस वर्षे आधी पुण्यामुंबईच्या चित्रपटगृहांत सिद्ध होऊन गेला होता. प्रभातशी त्यांचे पुढे जमले नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. उतरत्या वयात, थकलेल्या शरीराने, ते पुन्हा शालू नेसू लागले. ज्यांना ते रूप पाहवेना ते डोळे मिटून गाणे ऐकत.

या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी व्यक्ती मात्र रंगभूमीच्या अलीकडून पलीकडे गेली. गोहरबाई कर्नाटकी हिने बालगंधर्वांचे गाणे ऐकून ऐकून इतके आत्मसात केले होते की, तिच्या गळ्यातून त्यांचीच गायकी निघे. तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, चित्रपटांतही तिचे नाव झाले. ते सारे मागे टाकून 1938 साली ती गंधर्व मंडळीत आली. हजारो श्रोत्यांचा जो एकतर्फी जिव्हाळा होता, तोच तिचा होता. फरक इतकाच की, तिच्या बाबतीत पलीकडून उत्तर आले. लक्ष्मीबाई 1940 मध्ये वारल्या. 1951 साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला.

यावर महाराष्ट्रात जो रोष झाला, तो आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात सापडतो. जातिधर्माचा अभिमान त्यात होता, हे उघड आहे. ब्राह्मण गायकाने मुसलमान गायिकेशी संसार मांडावा, हे त्या समाजाला रुचणे कठीण होते. पण सगळा रोष तेवढ्याने उलगडत नाही. मंडळी कर्जात होती, बोलपटांनी नाटकांची गर्दी ओढून नेली होती, वय झाले होते. तरी लोकांनी अपयशाचे खापर एका बाईच्या माथी फोडले. असे का व्हावे? मला वाटते, आपल्यासारखाच एक श्रोता त्या उंबरठ्यापलीकडे गेला, ही गोष्ट इतरांना सहन झाली नाही. जो सर्वांचा होता तो एकीचा झाला. सर्वांचा असेपर्यंत तो कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच प्रत्येकाला तो आपला वाटत होता. 'मायबाप' म्हणविणाऱ्यांनी मुलाच्या लग्नाच्या वेळी मायबापांसारखेच वागून दाखविले. नारायणरावांचे पाय जाऊन ते परावलंबी झाले तेव्हा त्यांची शुश्रूषा करावयास हा हजारोंचा समुदाय घरी राहिला नव्हता. गोहरबाई राहिल्या होत्या. 1964 साली त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण हा किताब मिळाला. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यापूर्वी 1955 मध्येच झाला होता. 15 जुलै 1967 रोजी ते स्वतः निवर्तले.

तर मग असे नाते खोटे, असा निष्कर्ष काढावा काय? मी तो काढणार नाही. ज्या गृहिणीने नवऱ्याच्या कामावरून येण्याच्या वेळेपर्यंत ती तबकडी लावून आपला दिवस सुसह्य केला, तिला मिळालेले सुख खोटे नव्हते. ज्याने सिंधूचे दुःख पाहून घरी आल्यावर आपल्या पत्नीकडे प्रथमच नीट पाहिले, त्याचा पालट खोटा नव्हता. नारायणरावांचे प्रेमही खोटे नव्हते. फक्त ते कोणा एकावर नव्हते. 'मायबाप' नावाच्या एका चेहऱ्यावाचून असलेल्या मूर्तीवर ते होते, जसे प्रेक्षकांचे रुक्मिणीवर होते. दोन्ही बाजूंनी खरेपणा होता आणि दोन्ही बाजूंना समोर प्रतिमा होती. प्रेम प्रतिमेवर करावयास हरकत नाही. मनुष्यजात देवळात तेच करीत आली आहे. चूक होते ती पुढच्या पावली. प्रतिमेवरील प्रेमाची किंमत आपण जिवंत माणसाकडून वसूल करू लागतो. त्याने म्हातारे होऊ नये, वेष बदलू नये, शोक करू नये, आपल्या मनाप्रमाणे घर मांडू नये, असे आपणांस वाटू लागते. सुख आपणांस मिळालेले असते, आणि तरी ऋणको मात्र आपण त्यालाच ठरवितो. हिशेब अगदी उलटा होतो.

आज तर अशा आवाजांना व चेहऱ्यांना सुमार राहिलेला नाही. खिशातल्या यंत्रातून ते अष्टौप्रहर आपल्यापुढे उभे राहतात. म्हणून हा जुना हिशेब पुन्हा मांडून पाहणे आवश्यक वाटते.

पुण्यास मुठेच्या काठी बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आहे. त्याची कोनशिला 1962 साली त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुले झाले तेव्हा मात्र ते नव्हते. त्या रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळराव देऊसकर यांनी दोन मोठी तैलचित्रे काढली. एकात स्त्रीवेषातील बालगंधर्व आहेत, दुसऱ्यात पुरुषवेषातील साधे नारायणराव. चित्रकाराने दोघांना वेगळे ठेवले, हे मला फार उचित वाटते. पहिल्या चित्रासमोर आपले पाय आपोआप थांबतात. दुसऱ्यासमोरही घटकाभर थांबावे, त्या गृहस्थाला मनातल्या मनात नमस्कार करावा, आणि त्याच्याकडे काही एक न मागता नाटकगृहात जाऊन बसावे.